नदीकाठी गाव असतंच

किस्से हे दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर पडतात. कंपनीने मला घरी बसवलं त्या वर्षी मी आमच्या म्युझियममध्ये, माहितीच्या टेबलामागे, व्हॉलंटिअर म्हणून 'तात्पुरती' जाऊन बसले. त्याला आता सहा वर्षं झाली. अमेरिकेतल्या आमच्या या नेपरव्हिल गावात कुठल्याही पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेले की लोक हातात प्लेट येण्याआधी विचारतात, "मेधाताई, म्युझियममध्ये नवीन काय?"

म्युझियम तसं लहान. नेपरव्हिलहून ट्रेनने अर्धा तास. एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं हे घर. त्याने मरताना घर आणि घरातली चित्रं दोन्ही गावाला देऊन टाकली. चित्रं बहुतेक सगळी एकोणिसाव्या शतकातली, अमेरिकेतल्या डोंगरांची, नद्यांची, जंगलांची. वरच्या दालनात एक तर आमच्या गराजच्या दाराएवढं आहे. रुंद नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, त्यांच्या मधोमध सूर्य आणि सगळ्या पाण्यावर असा काही उजेड की माणूस बोलता बोलता थांबतो. कोपऱ्यात एक होडी आहे आणि होडीत लाल टोपीवाला, नखाएवढा एक माणूस. समोर लाकडी बाक. माझे निम्मे किस्से त्या बाकाच्या आसपासचे.

*

त्या दालनाबाहेर पाटी आहे: 'हडसन रिव्हर स्कूल'. हडसन नदीच्या खोऱ्यात हिंडून चित्रं काढणाऱ्या त्या चित्रकारांच्या पिढीला हे नाव पडलं. आता आमच्या नेपरव्हिलमध्ये लोक आधी शाळा बघतात, मग घर, आणि वेळ उरला तर शेजार. माझ्या नवऱ्याचा मित्र शिरीष एकदा बायकामुलांना घेऊन आला. पाटीपाशी थबकला. खाली येऊन मला हळूच विचारतो, "या स्कूलचं रेटिंग काय आहे?"

मी त्याला नीट समजावलं. म्हटलं, ही शाळा नाही रे, हा चित्रकारांचा गट आहे, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते कळलं गं. पण पब्लिक की प्रायव्हेट?"

*

एका रविवारी मी आमच्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठ नागरिकांची सहल आणली होती. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईवडील, स्वेटर, कानटोप्या, पिशवीत चिवडा. मोठ्या चित्रासमोर सगळे उभे राहिले आणि दोन मिनिटं कुणी बोलेना. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात साताऱ्याच्या जगताप काकांना कंठ फुटला.

"अहो, हे तर आपलं चौथीतलं निसर्गचित्र!"

आणि खरंच की! दोन डोंगर, मध्ये सूर्य, त्यातून निघालेली नदी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने काढलेला देखावा. मग काय विचारता, प्रत्येकाला आपापला आठवला. कुणाच्या नदीत बदक होतं, कुणाच्या झोपडीला नारळ टेकला होता. जगताप काका मात्र गंभीर झाले. म्हणाले, "मी सूर्य असाच गुलाबी काढला होता. मला छडी मिळाली, याला म्युझियम मिळालं."

*

या सहलीतच सुलभाकाकू पहिल्यांदा आल्या. नागपूरच्या. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, यजमान गेल्यावर मुलाकडे, निखिलकडे, नेपरव्हिलला कायमच्या आल्या. बाकी सगळे चिवड्याकडे वळले तरी या बाईंचे पाय हलेनात. दालनात वॉल्टर नावाचा आमचा गार्ड असतो. उंच, पांढऱ्या मिशांचा, एकोणीस वर्षं त्याच दारात उभा. ड्यूटीवर बसायचं नाही आणि पाहुण्यांशी कामाशिवाय बोलायचं नाही, हे दोन नियम त्याने कधी मोडले नव्हते. काकू थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत विचारलं, "नॉर्थ कुठे?"

वॉल्टरने खिडकीकडे बोट दाखवलं.

"बिल्डिंगमधलं नको. चित्रातलं."

वॉल्टर मला नंतर सांगत होता, एकोणीस वर्षांत लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, रेस्टरूम कुठे आहे. चित्रातलं काही विचारणारी ही पहिलीच बाई. त्याला उत्तर आलं नाही, पण त्या दिवशी तो घरी जाईपर्यंत खुशीत होता.

माझ्याकडे येऊन काकू म्हणाल्या, "मेधा, तो सूर्य उगवून राहिला की मावळून राहिला? खाली लिहिलंय संध्याकाळ. पण नदीवर धुकं आहे. एवढं धुकं पहाटेचं असतं बाप्पा." पुढच्या शनिवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी त्यांनी मला विचारलं की ती बिल्लेवाली माणसं लोकांना चित्रं समजावून सांगतात, तो बिल्ला कुणाला मिळतो.

*

बिल्ला आमच्या गाइडांची प्रमुख मार्गारेट देते. गाइड व्हायचं असेल तर एका चित्रासमोर तिच्यापुढे दहा मिनिटं बोलायचं, इंग्रजीतून, आणि शेवटी ऐकणाऱ्यांचे प्रश्न घ्यायचे. हातात स्टॉपवॉच घेऊन ती उभी असते. बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. नापास झालात तर एक वर्ष थांबायचं, दुसऱ्यांदा झालात तर विषय संपला.

काकूंनी दोन महिने अभ्यास केला. त्यांची नात रिया कॉलेजात आहे, तिने इंग्रजी दुरुस्त करायला घेतलं. रिया म्हणे, "आजी, यू हॅव टू से मॅग्निफिसंट." काकू म्हणत, सगळंच मॅग्निफिसंट म्हटलं की मुलं झोपतात.

परीक्षेच्या दिवशी त्या निळी साडी आणि स्नो बूट घालून आल्या. आम्ही पाच-सहा व्हॉलंटिअर ऐकायला उभे होतो. काकूंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि मला धडकी भरली. त्यांनी चित्र तपासायला घेतलं! धुकं सकाळचं आणि नाव संध्याकाळचं, तीन मार्क गेले. झाडं उजवीकडे वाकली आहेत आणि ढग डावीकडे ओढलेत, वाऱ्याने आधी काय ते ठरवावं, पाच मार्क गेले. या झाडाची सावली सूर्याकडेच कशी पडते? दहा मिनिटांत त्यांनी चित्रकाराला शंभरपैकी बासष्ट मार्क दिले आणि विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

कुणीही काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मार्गारेट फार सभ्य बाई. ती एवढंच म्हणाली की लोकांना चित्र आवडायला लागावं, हे आपलं काम आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये काकूंनी लाल पेन पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, "मी त्याला फर्स्ट क्लास दिला होता. तिने मला नापास केलं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नापास झाल्याचं काही नाही गं. पण एकाने तरी प्रश्न विचारायला पाहिजे होता. निखिलच्या घरी सगळे मला सांगतात. औषध घेतलं का, स्वेटर घाल, दार उघडू नको. सगळे चांगले आहेत. पण चौतीस वर्षं मला रोज चाळीस पोरं प्रश्न विचारत होती, आणि इथे आल्यापासून एकानेही काही विचारलं नाही."

*

पुढचं सगळं वर्ष त्या शनिवारी येत राहिल्या. वॉल्टरची आणि त्यांची आता चांगली गट्टी जमली होती. त्या बाकावर बसायच्या, तो दारात उभा राहायचा, आणि दोघं काही न बोलता चित्र बघायचे. एकदा त्यांनी मला वर बोलावून घेतलं, भानगड झाल्यासारखं.

"पुढे बघ. चित्रात खालच्या कडेला, अंधारात. मोज."

मी मोजले. तोडलेल्या झाडांचे पाच बुंधे. इतक्या वर्षांत मला एकही दिसला नव्हता. खाली दिवाणखान्यात आमच्या व्यापाऱ्याचा फोटो आहे, जाडजूड, घड्याळाची साखळी लावलेला. अर्ध्या राज्यातलं जंगल विकून त्याने जंगलाची चित्रं घेतली.

काकू म्हणाल्या, "कोपऱ्यात मालकाची सही आहे."

*

जानेवारीतल्या एका शनिवारी इतका बर्फ पडला की म्युझियमला एकही माणूस आला नाही. काकू आल्या होत्या, कशा ते विचारू नका. मी थर्मासमधला चहा घेऊन वर गेले. वर चहा न्यायला बंदी आहे, पण वॉल्टरने खिडकीबाहेर बघितलं.

मी त्यांना मार्गारेटकडून ऐकलेलं सांगितलं. हे चित्रकार उन्हाळाभर डोंगरात पायी हिंडायचे, वह्या भरभरून स्केचेस करायचे, आणि असल्या हिवाळ्यात घरी बसून एक डोंगर इथला, एक झाड तिथलं असं जुळवून मोठं चित्र रंगवायचे. अशी जागा नकाशात सापडायची नाही.

मला वाटलं, आता अजून मार्क कापणार. पण काकू उठून चित्राजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हा नकाशा नाहीच. हे पत्र आहे. मी पहिल्या वर्षी बहिणीला पत्र लिहिलं, तर बर्फ किती सुंदर पडतो तेवढंच लिहिलं. दिवसभर घरात कुणी नसतं ते नाही लिहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात." आणि पुढे म्हणाल्या, "पत्र वाचताना काय गाळलंय तेही वाचायचं असतं. मी नुसत्या चुका काढल्या."

त्यांनी डोळे पुसले. मी चहा ओतला. मला त्या बाईचं इतकं कौतुक वाटलं की मी बिस्किटांचा अख्खा पुडाच पुढे केला.

*

दुसरी परीक्षा मार्चमध्ये झाली. तेच चित्र, तीच निळी साडी. लाल पेन मी ट्रेनमध्येच काढून घेतलं होतं. आम्ही सहा जण, स्टॉपवॉच घेतलेली मार्गारेट, आणि दारात वॉल्टर. या खेपेला मी एक प्रश्न पाठ करून आले होते. काही झालं तरी तो विचारायचाच.

काकूंनी सुरुवातीला काहीच सांगितलं नाही. फक्त बघा म्हणाल्या. पूर्ण एक मिनिट. मग त्यांच्या साध्या, शाळेतल्या इंग्रजीत त्यांनी तो उजेड दाखवला. डोंगराच्या कडेवरून पाण्यावर कसा उतरतो आणि उतरता उतरता कसा निवत जातो. म्हणाल्या, या माणसाचं या जागेवर फार प्रेम होतं. इतकं की त्याला सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही ठेवायच्या होत्या. मार्गारेट स्टॉपवॉचकडे बघायचं विसरली होती.

मग त्या नदीकाठाकडे वळल्या. तिथे सपाट जमीन आहे, हिरवीगार.

"चौतीस वर्षं मी मुलांना एक धडा शिकवला. नदी आहे, गोडं पाणी आहे, काळी माती आहे, तिथे गाव असतंच. जगात कुठेही जा. मग इथलं गाव कुठे आहे? इथे कोण राहत होतं? चित्रकाराने ते लिहिलेलं नाही. पण त्याने ही एवढी जागा मोकळी ठेवली आहे. मी वर्षभर बघते आहे. मला तिथे गाव दिसतं."

 मी ते चित्र हजारदा पाहिलं असेल. ती हिरवी पट्टी मला नेहमी नुसती सुंदर वाटत आली होती.

"एनी क्वेश्चन्स?" काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि माझा पाठ केलेला प्रश्न साफ विसरले. बाकीचे चित्राकडे बघत होते. मार्गारेट घड्याळाकडे. काकूंचे हात पदराशी चाळा करायला लागले होते. दहा सेकंद गेले असतील, मला तास वाटला.

आणि दारात वॉल्टरने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ, कोपर न वाकवता.

काकू म्हणाल्या, "येस, वॉल्टर."

"मॅडम," वॉल्टरने घसा साफ केला. "मी वीस वर्षं बघतोय. तो होडीतला लाल टोपीवाला माणूस. तो तिकडून निघून चाललाय, की परत येतोय?"

काकूंनी चित्राकडे बघितलं, मग वॉल्टरकडे. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. नागपूरच्या वर्गात चौतीस वर्षं तोच असणार.

"व्हेरी गुड क्वेश्चन," त्या म्हणाल्या. "सिट डाउन, एव्हरीबडी. धिस विल टेक टाइम."

आणि वॉल्टर दार सोडून आला आणि बाकावर बसला. मार्गारेटने त्याच्याकडे बघितलं. मग हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं, ते बंद करून पर्समध्ये टाकलं, आणि म्हणाली, "जरा सरका."