पहिली पेटी आणि आमचे प्रेसिडेंट

चिन्मयी आणि ओम,

परवा फोनवर चिन्मयी म्हणाली, तिला शाळेत तुमच्याकडच्या एका माजी अध्यक्षांचं चरित्र लिहायचं आहे, भुईमुगाच्या शेतावर वाढलेल्या. "आजी, तुला ते माहीत नसतील." मला ते चांगले माहीत आहेत. त्यांचं चरित्र मी एका माणसाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलं आहे, इंग्रजीतून मराठीत सांगत. त्या माणसाची गोष्ट तुमच्या बाबालाही अर्धीच ठाऊक आहे, म्हणून निबंधाच्या आधी ही लिहून पाठवते.

भाऊंना अमेरिकेच्या एकाही अध्यक्षाचं नाव धड सांगता आलं नसतं. पण एका अध्यक्षाचा पराभव त्यांना तोंडपाठ होता. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही; ते त्याला "भुईमूगवाला" म्हणत.

भाऊ आमचे शेजारी. दोन घरांच्या मधे फक्त चिऱ्यांचा गडगा. आंबा बागायतदारांच्या सोसायटीचे ते इतकी वर्षं चेअरमन होते की लोक त्यांना चेअरमनच म्हणत, आणि रस्त्याने जाताना ते प्रत्येकाच्या कलमांची चौकशी करत, माणसांची नंतर. १९९८ च्या निवडणुकीत ते पडले. पाडलं दिनूने. दिनू त्यांचा पुतण्या. भाऊंचा भाऊ आणि भावजय लवकर गेली, तेव्हापासून तो यांच्याच घरात वाढला. तरुण बागायतदारांना मुंबईच्या दलालांवर अवलंबून राहायचं नव्हतं आणि भाऊ ऐकत नव्हते, म्हणून तो उभा राहिला. निकालानंतर त्याने जवळच शहरात बिऱ्हाड केलं. काकांसमोर रोज कसं यायचं, हे त्याला कळेना.

भाऊंनी पडवीतल्या आरामखुर्चीत मुक्काम टाकला. भांडले असते तर बरं झालं असतं, पण ते बोलायचेच थांबले. एके दिवशी त्यांच्या पत्नी, माई, गडग्यापाशी आल्या. "बाई, जेवतात, निजतात, पण तोंडातून शब्द नाही. तुम्ही काहीतरी वाचून दाखवा. देवाधर्माचं नको, ते मी करून पाहिलं."

मी तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते. वाचनालयातून हे चरित्र आणलं होतं, आणि त्यात एक हरलेला माणूस आहे एवढं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घेऊन मी पडवीत बसले.

ऐकताना भाऊंच्या हातात अडकित्ता असे. पटलं की सुपारी बारीक कातरली जाई. पटलं नाही की अडकित्ता नुसताच मिटत असे, कट्‌ कट्‌. वडील वारल्यावर भुईमूगवाला आरमारातली नोकरी सोडून शेतावर परत आला, हे वाचलं तेव्हा सुपारीचा भुगा झाला. "कलमं टाकून माणूस दूर राहूच शकत नाही," ते म्हणाले. निकालानंतर मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. आतून माई दारापर्यंत आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

मग प्रश्न सुरू झाले. परक्या देशात ओलीस अडकलेली आपली माणसं सोडवायला तो शेवटच्या तासापर्यंत झटला आणि ती सुटली ती खुर्ची गेल्यावर, हे ऐकून अडकित्ता बराच वेळ वाजत राहिला. "म्हणजे बाग याने राखली आणि आंबा उतरवला दुसऱ्याने." थोड्या वेळाने म्हणाले, "दिनूने मला पाडलान ते एक वेळ ठीक. पण विचारलान असतं तर मीच उठलो नसतो काय?"

"उठला असतात?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण विचारायला हवं होतं."

मासे घेऊन येणाऱ्या शेवंतीने हे वाचन दारातून ऐकलं आणि गावभर केलं. त्यांना प्रेसिडेंट हे नाव तिने दिलं. "काय वो प्रेसिडेंट, अमेरिकेत बांगडा मिळतो काय?"

"मिळत असता तर तो पडला नसता," भाऊ म्हणाले. माई त्या दिवशी हसल्या.

नव्या अध्यक्षाच्या शपथविधीचं पान मात्र त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. हरलेला आणि जिंकलेला एकाच गाडीतून गेले, हे त्यांना खरंच वाटेना.

"शेजारी शेजारी बसून?"

"हो. त्यांच्याकडे तशी रीत आहे."

"रीत म्हणून गेला, की मनातून गेला?"

"ते यात लिहिलेलं नाही, भाऊ."

अडकित्ता वाजला नाही. सुपारीही कातरली गेली नाही.

आमच्या सोसायटीचीही एक रीत होती. हंगामातली हापूसची पहिली पेटी चेअरमनने टेम्पोतून गणपतीपुळ्याला न्यायची आणि गणपतीपुढे ठेवायची. इतकी वर्षं ती भाऊंनी नेली. त्या वर्षी दिनू नेणार होता. पेटी निघायच्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर भाऊ फाटकात उभे. इस्त्रीचं धोतर, काळी टोपी, हातात नारळ. टेम्पो आमच्याच रस्त्याने जायचा.

"मी जाणार त्याच्या शेजारी बसून," ते गडग्यावरून मला म्हणाले. "भुईमूगवाला गेला, मग मला काय धाड भरली आहे?"

माईंनी चहा पाठवला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. उन्हं चढली. शेवंती आली आणि टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "पेटी कवाच गेली वो. हायवेवरनं नेलनी." भाऊ नारळ फाटकाच्या खांबावर ठेवून आत आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकातल्या माणसाला निदान बोलावणं होतं."

संध्याकाळी मी दिनूकडे गेले. मला वाटलं होतं, त्याने मुद्दाम टाळलं असेल. मुद्दामच टाळलं होतं. "काकांच्या दारावरून पेटी मिरवत न्यायची? त्यांना किती लागलं असतं, बाई. म्हणून लांबून नेली." मी सांगितलं, "ते नारळ घेऊन फाटकात उभे होते."

दुसऱ्या दिवशी दिनू प्रसाद घेऊन आला. भाऊंनी प्रसाद कपाळाला लावला. "पेंढा नीट भरलात ना? गेल्या साली आंबे हलत होते." दिनू म्हणाला, "भरला, काका." दोघं आंब्याबद्दलच बोलले. फाटकाचा विषय कोणीच काढला नाही, आणि नंतरही कधी निघाला नाही. आपल्याकडे माणसं एकमेकांचं मन राखता राखता अशी लांबच्या रस्त्याने जातात.

पुस्तकाचा शेवट भाऊंना आवडला. घरी परतल्यावर भुईमूगवाल्याने सुतारकाम हाती घेतलं, पुढे गरिबांच्या घरांसाठी स्वतः हातोडा चालवला. भाऊंनी फणसाच्या फळ्या आणवल्या आणि पडवीत एक बाक करायला घेतला. सुतारी त्यांना येत नव्हती. एक पाय आखूड झाला. "चारातला एक विरोधी पक्षातच असायचा," ते म्हणाले. बाक बरोबर दोन माणसांपुरता होता. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेल्यासारखीच. अडकित्ता माईंनी फडताळात ठेवून दिला.

पुढच्या हंगामात टेम्पो आमच्या रस्त्याने आला आणि फाटकाशी थांबला. दिनूने पेटी उचलून पडवीत आणली आणि बाकावर ठेवली. बाक कलला, तसा त्याने गुडघा लावून धरला. "काका, चला. तुमच्यासाठी पुढची जागा ठेवली आहे." माईंनी तोंडाला पदर लावला. भाऊंना उठवून बसवणंही कठीण होतं, हे त्यालाही दिसत होतं. भाऊंनी डावा हात पेंढ्यात घातला, एक आंबा चाचपला, हात नाकाशी नेला. मग रस्त्याकडे बोट दाखवून, शब्द जुळवत म्हणाले, "जा. उन्हं... वाढतील."

त्या पावसाळ्यात ते गेले.

आता दिनूही चेअरमन नाही. सध्याच्या चेअरमनने भाऊंना पाहिलेलंही नाही. भाऊंचा बाक आता सोसायटीच्या पडवीत आहे आणि अजून कलतो. पहिल्या पेटीचा टेम्पो अजून भाऊंच्या फाटकाशी थांबतो, दिनू तिथे चढतो आणि चेअरमनच्या शेजारी बसतो.