डाव्या पेडलचे आटे

माझ्या मेहुण्याला मी कधीच आवडलो नाही, आणि तो मला आवडावा असं त्यानंही कधी काही केलं नाही. लढाईच्या दिवसांत आम्ही दोघं भाईंदरजवळ राई गावात एकाच छपराखाली राहत होतो. घर त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सासऱ्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मेहुणा मुंबईला गोदीत कामाला होता. भातशेती बघायला आणि म्हाताऱ्याला उठवायला-बसवायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मुलीला आणि मला बोलावून घेतलं. मी भाईंदरला मिठाच्या कचेरीत कारकून होतो. वसईहून रोज येण्यापेक्षा बरं, म्हणून आलो. पुढे मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि मेहुणा वळकटी घेऊन परतला. ओटीवर सासऱ्यांच्या शेजारी मला बसलेलं पाहून तो उंबऱ्यातच थांबला. "जावय घरातच मुक्कामाला हाय वाटतं," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर मी जेवायला बसलो की तो पाणी प्यायला उठायचा. शेताबद्दल काही विचारलं तर उत्तर बहिणीकडे बघून द्यायचा. बायको दोघांना वाढायची आणि स्वतः मागून, चुलीपाशी एकटी जेवायची.

अशात कचेरीनं माझी बदली घोडबंदरच्या बाजूला केली. तिथवर पायी जाणं आणि येणं यातच दिवस संपायचा. लढाईमुळे नवी सायकल मिळत नव्हती, जुनीसुद्धा कोणी विकत नव्हतं. घरात मात्र एक होती. मेहुण्यानं तरुणपणी हौसेनं घेतलेली, एकदा त्याच्यासकट खाडीत गेलेली आणि तेव्हापासून मिठागरावरच्या कुडाच्या खोपीत पडलेली. खारं पाणी आणि खारी हवा, दोन्हींनी तिला खाल्लं होतं. मी सासऱ्यांसमोर विचारलं. मेहुणा हसला. म्हणाला, "न्या की भावोजी. तुमचीच समजा. एक नट सुटला तरी मला सांगा."

मी ती परसात आणली. चेन एका तुकड्यात वाळलेल्या काठीसारखी ताठ होती. ती गेली ती गेलीच. बाकीच्यासाठी मला रॉकेल लागत होतं आणि रॉकेल रेशनवर. बायकोनं दिवे लवकर मालवायला सुरुवात केली आणि उरलेलं तेल मला द्यायला लागली. त्यावरूनही मेहुण्यानं बोलून घेतलं: म्हाताऱ्याला अंधारात ठेवून जावयाची सायकल न्हाऊ घालताय.

सर्वांत आधी सीट. तिचा दांडा फ्रेमच्या नळीत असा धरला होता की दोन्ही एकाच लोखंडाचे वाटावेत. मी तेल सोडलं, निखाऱ्यांनी शेकलं, हातोडीनं ठोकलं. काही हाललं नाही. मग बायकोच्या डोक्यातून युक्ती निघाली. परसात दोन माड जवळजवळ उगवलेले होते. आम्ही सायकल उलटी करून सीट त्या दोन बुंध्यांच्या मध्ये घट्ट अडकवली आणि दोघांनी दोन बाजूंनी सगळी फ्रेमच फिरवली. आधी जनावर ओरडावं तसा आवाज आला, मग तांबडा भुगा गळला, मग दांडा फिरला. बायको खाली बसून हसायला लागली. त्या घरात आल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. मेहुणा मागच्या ओट्यावर विडी ओढत होता. त्यानं विडी विझवली आणि आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज बाहेर येऊन बसायला लागला.

उजवं पेडल रॉकेलमध्ये भिजवल्यावर दोन दणक्यांत सुटलं. त्यामुळे डाव्याचं मला काहीच वाटलं नाही. त्याच पान्यानं, त्याच दिशेनं जोर लावला. ते जागचं हललं नाही. रोज कचेरीतून आलो की दिवस मावळेपर्यंत मी त्या पेडलशी झगडायचो. तेल, निखारे, हातोडी, पुन्हा तेल. मेहुणा बघत असायचा. कधीकधी म्हणायचा, "आणखी जोर लावा भावोजी, कारकुनी हात हायेत तुमचे." मला राग यायचा आणि मी आणखी जोर लावायचो.

एके संध्याकाळी तो स्वतः उठला आणि कुठून तरी हातभर लांबीची लोखंडी नळी घेऊन आला. "ही पान्याच्या दांड्यावर चढवा. लांब दांडा आला की सुटंल," म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्यानं माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट. मी नळी चढवली, त्यानं सायकल धरली, आणि मी सगळं अंग नळीवर टाकलं. पाना निसटला. नळी खाली गेली ती माझ्या बोटासकट, ओट्याच्या दगडावर. डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आलो तेव्हा बायको माझ्या हाताला हळद लावून चिंधी बांधत होती आणि करंगळीशेजारचं बोट भलत्याच बाजूला वळलं होतं. मेहुणा सायकल तशीच धरून उभा होता.

हात बांधलेला, तरी मी दुसऱ्या दिवशी पाना पुन्हा लावला. तो पेडलवर असा अडकला की निघेना. बायकोनं मला बाजूला बसवलं, मुसळ आणलं आणि पाना निघावा म्हणून त्याला खालून वर ठोसा दिला. मी इतके दिवस तो वरून खाली दाबत होतो. पाना निघाला नाही. तो फिरला, आणि त्याच्याबरोबर पेडलही फिरलं. तिनं आणखी एक ठोसा दिला. पेडल आणखी सुटलं. मग तिनं ते हातानंच फिरवून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आटे उलटे होते. इतके दिवस मी ते सोडवत नव्हतो, आवळत होतो.

ती ओट्याकडे वळली.

"दादा, तुला ठावं होतं?"

मेहुण्यानं विडीची राख झटकली. "डावीकडचं उलटंच असतं. माजी सायकल हाय ती, मला न्हाय तर कोणाला ठावं असणार?"

"यांचं बोट मोडलं तेव्हा तू सायकल धरून होतास."

"मी धरली होती. जोर त्यानं लावला."

मी उठलो, पण बायकोनं हात आडवा धरला. त्या रात्री तिनं भावाचं ताट वाढलं नाही, पुढेही नाही. त्यानं आपलं आपण वाढून घ्यायला सुरुवात केली.

भाईंदरच्या एका दुकानदाराकडून जुनी चेन मिळाली आणि सायकल उभी राहिली. मी ती चालवत घरी आलो, त्याच संध्याकाळी मेहुण्यानं वडिलांसमोर विषय काढला. मोडकी सायकल बघायला दिली होती, देऊन टाकली नव्हती, असं त्याचं म्हणणं. सासऱ्यांना बोलायला फार कष्ट पडायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकड्या तोंडानं म्हणाले, "मुलगा हाय. त्याला दे." मी त्यांना अंघोळ घातली होती, त्यांची घाण काढली होती.

बायको आत गेली. तिनं आमची ट्रंक बाहेर आणली, सायकलच्या कॅरिअरवर ठेवली आणि काथ्यानं बांधली. मेहुणा वाटेत उभा राहिला. ती म्हणाली, "हो आडवा. मग गावात सांगते तू नळी का आणून दिलीस ते." तो सरकला. तिनं वडिलांच्या पायांना हात लावला आणि आम्ही सायकल हातात धरून भाईंदरच्या वाटेला लागलो. स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेतली. घोडबंदरला मी त्याच सायकलवरून जात राहिलो. दुसऱ्या पावसाळ्यात सासरे गेले. तिरडीला पुढून एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मी. स्मशानापर्यंत आमची पावलं एकत्र पडत होती, कारण तसं चालावंच लागतं. परतताना त्यानं बांधाची वाट धरली आणि मी रस्त्याची.