सृष्टी बिराजदार विमान शिकते

सृष्टी बिराजदारला मी उमरग्याच्या शाळेत आठवीला भूगोल शिकवला. म्हणजे मी शिकवला. तिनं किती घेतला ते तिलाच ठाऊक. एकदा तिनं नकाशात तेरणा नदी उमरग्याच्या खाली काढली. मी चूक दाखवली, तर म्हणाली, "सर, वही उलटी धरा की. बरोबर दिसंल." या मुलीनं आपलं चुकलं असं कधी म्हटल्याचं आमच्या शाळेत तरी कुणाला आठवत नाही.

तिचे वडील सिद्धलिंगअप्पा. हायवेला त्यांचे चार ट्रक धावतात, शिवाय बागायत शेत. पोरगी बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवते, हे ते येईल त्याला सांगायचे. दहावीच्या सुट्टीत ती धाराशिवला मामाकडे गेली. तिथल्या धावपट्टीवरून एक छोटं विमान उठायचं, गावाला वळसा घालून उतरायचं आणि पुन्हा उठायचं. ते कुठंच जात का न्हाय, असं तिनं मामाला विचारलं. शिकणारं कुणीतरी आहे, असं मामा म्हणाला. झालं. बारावी होईपर्यंत घरात दुसरा विषय निघाला नाही. शेवटी अप्पा म्हणाले, गाडीच हाय की ती, वरनं जाते एवढंच.

सतरा वर्षं पुरी झाली आणि सृष्टी धाराशिवच्या त्या विमान शिकवणाऱ्या शाळेत दाखल झाली. पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली. सीटवर बसल्यावर तिला समोरच्या काचेतून फक्त आभाळ दिसायचं. तिच्या आईनं, शिवकांताबाईंनी, सीटवर घालायला जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवून दिली. बाकीची मुलं गॉगल लावून विमानाकडे निघायची आणि ही काखेत वाकळ मारून.

शिकवायला भैरवी मॅडम होत्या. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. विमान जमिनीवर चालताना पायांनी वळवायचं असतं, हे त्यांनी तीनदा समजावलं. पण ट्रॅक्टरची सवय. वळण आलं की सृष्टी हातातलं चाक गरगर फिरवायची आणि विमान आपलं सरळ गवताकडे निघायचं. चौथ्या दिवशी मॅडमनी तिला दोन्ही हात मांडीखाली घालून बसवलं आणि नुसत्या पायांनी तासभर फिरवलं. विमानाची रचनाच चुकीची आहे, असं सृष्टीनं त्या संध्याकाळी घरी फोनवर सांगितलं.

उडणं लवकर आलं, उतरणं येईना. जमीन जवळ दिसली की ती घाई करायची आणि विमान बेडकासारखं उड्या मारत जायचं. मॅडम एवढंच म्हणायच्या, "जमीन कुठं पळून जात न्हाय. लांब बघ आणि थांब." थांबणं हा काही तिचा विषय नव्हता. महिना गेला. तिच्या मागून आलेला एक मुलगा एकटा उडून आला, तरी हिला मॅडम सोडेनात. घरी फोनवर तिनं हवेला दोष दिला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अप्पा आणि शिवकांताबाई तिचे कपडे नि दशम्या घेऊन जीपनं धाराशिवला निघाले. माझं जिल्हा परिषदेत काम होतं, म्हणून मीही बसलो. आम्ही कुंपणापाशी पोचलो तेव्हा विमान हवेत होतं. ते दोनदा उतरलं, दोन्ही वेळा बरं उतरलं. तिसऱ्यांदा उतरून बाजूला थांबलं. थोड्या वेळानं भैरवी मॅडम हातात वायरलेस घेऊन आमच्याकडे चालत आल्या, आणि मागं विमान पुन्हा धावपट्टीकडे निघालं.

अप्पा मॅडमकडे बघत राहिले. मग विमानाकडे. "तुम्ही इथं हाव," ते हळूच म्हणाले, "मग ते कोण चालवायलंय?"

"सृष्टी," मॅडम म्हणाल्या.

शिवकांताबाईंनी कुंपणाची तार धरली. चार ट्रकांच्या मालकाचं तोंड असं कोरडं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

विमान उठलं, आणि नेहमीपेक्षा भराभर वर गेलं. मॅडम उतरल्यानं हलकं झालंय, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. वळसा घालून ते समोर आलं, तेव्हा मलासुद्धा कळलं की ते फार उंच आहे. मॅडमनी वायरलेस तोंडाजवळ नेला, पण बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, आता ही पोरगी हट्टाला पेटणार आणि आहे तिथूनच खाली घालणार. आठवीपासून ओळखतो मी तिला.

तेवढ्यात वायरलेसवर तिचा आवाज आला. विमानाचं नाव आणि पुढं दोनच शब्द, 'गोइंग अराउंड'. इंजिन मोठ्यानं वाजलं आणि विमान आमच्या डोक्यावरून पुढं निघून गेलं.

अप्पांना वाटलं काहीतरी बिघडलं. मॅडमनी त्यांना समजावलं की न्हाय, तिला आपलं चुकलेलं कळलं, आता ती पुन्हा नीट येईल. हे सांगताना मॅडमचे डोळे भरले होते. एवढी लांबलचक पाच मिनिटं मी आयुष्यात मोजली नाहीत. दुसऱ्या खेपेला ती खालून, सावकाश आली. पट्टीवर आल्यावरही चाकं टेकवायची तिनं घाई केली नाही, वाट बघितली. एक छोटीशी उडी बसली, बस्स.

रिवाजाप्रमाणे तिथल्या मुलांनी तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. शिवकांताबाईंनी तिला पदरानं पुसलं आणि रडत रडत विचारलं, "भ्या वाटलं न्हाय व्हय गं?" जरा पण न्हाय, अव्वा, असं सृष्टी म्हणाली. अप्पांनी तोवर मामाला फोन लावला होता आणि पोरगी वर दोन फेऱ्या मारून आली, लोक एकच मारतात, असं सांगत होते. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, पण मॅडमनी मला हातानं गप्प केलं.

पुढच्या मार्गशीर्षात वेळ अमावास्येला बिराजदारांच्या शेतावर जेवायला बोलावणं होतं. सृष्टीला तोवर पहिलं लायसन मिळालं होतं, पुढच्याचा अभ्यास चालू होता. भज्जी आणि बाजरीचा उंडा खाऊन आम्ही ज्वारीच्या कडेला बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, खरं काय वाटलं तेव्हा?

तिनं आजूबाजूला पाहिलं. अप्पा लांब होते.

"सर, वर गेल्यावर म्या सवयीनं शेजारी बघितलं, मॅडमनी पट्टा लावलाय का म्हणून. सीट रिकामी. आधी हसू आलं, मग हातपाय गार पडले. उंच झालंय हे तर पार वळायच्या आधीच कळलं होतं. तरी खाली घालावं असं मनात आलंच. तुम्ही समदे बघत होता ना."

"मग?"

"मग न्हाय घातलं." तिनं आंबिलीचा पेला भरून माझ्या हातात दिला. "अप्पांना सांगू नका. त्यांच्या हिशोबानं म्या लोकांपेक्षा एक फेरी जास्त मारलीय."