बारावा डाग

एवढी वर्षं पोलिसात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या. पण त्या चाकांच्या खोलीची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चूक असेल तर असू द्या, सांगण्यात चूक नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी दवनीवाड्याकडच्या एका ठाण्यात हेड कॉन्स्टेबल होतो. लोक जमादार म्हणत. नागपूरहून डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई शिबिरासाठी गावात आल्या. जीपच्या मागे जोडलेली एक खोली आणि हिंदी बोलणारा एक ड्रायव्हर घेऊन आल्या. लाकडाचा सांगाडा, वरून जस्ताचा पत्रा, आत बिछाना, स्टोव्ह, औषधांचं कपाट. बाई त्यातच राहत, त्यातच निजत. गावानं नाव ठेवलं, चाकांची खोली.

जंगलातल्या रस्त्यानं फांद्या घासून, दगड उडून पत्र्याला जागोजागी बारीक भोकं पडली होती. एका सरीतच बिछाना भिजला. बाईंनी फुलचूरचा टिनवाला बोलावला. हा माणूस गावोगाव फिरून गळकी भांडी, कंदील, डबे दुरुस्त करायचा. दोन दिवस बसून त्यानं भोकं बुजवली. भोक खरडून साफ करायचं, वर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, तापलेल्या लोखंडानं कथील वितळवून चारी बाजू पक्क्या करायच्या. आतून ठोकणी धरायला म्हणून त्याला खोलीत जावं लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपवून तो बाजारात गेला. संध्याकाळी बाई शाळेतल्या शिबिरातून परतल्या तर खुंटीवरची लहानशी कापडी थैली गायब. थैलीत त्यांच्या मेलेल्या आईची सोन्याची साखळी. दाराला कुलूप तसंच, किल्ली बाईंच्या कमरेला.

ठाणेदारसाहेब म्हणाले, "आत गेला कोण? टिनवाला. मग विचार कसला करता?"

त्यात सकाळी आमचा खबऱ्या धावत आला. काल चहाच्या हॉटेलात टिनवाला सगळ्यांपुढे बोलला होता. खबऱ्यानं शब्द जसेच्या तसे सांगितले, "बाईच्या गाडीत अकरा डाग मारले, कोणाले पत्ता नाही लागत."

आता आमच्याकडे दागिन्याला डाग म्हणतात. आमच्या पंचनाम्यातही तसंच लिहितात, सोन्याचा डाग एक, चांदीचे डाग दोन. आणि मारले म्हणजे लांबवले. ठाण्यात आनंदीआनंद. टिनवाल्याला उचलून आणला. विचारपूस मीच केली.

"काल अकरा डाग मारले म्हणून बोलला का?"

"हो जी."

"खरंच मारले?"

"मारले ना जी. लबाड कायले बोलू? दोन दिवस मेहनत केली."

ठाणेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहून मिशीला हात लावला. असा सरळ कबूल होणारा गडी त्यांनीही पाहिला नव्हता.

"कुठं आहेत ते?"

"गाडीलेच हायेत जी. बाहीरून चमकून राहिले. जाऊन पाहा."

दोन शिपाई धावले. गाडीखाली शिरले, चाकं तपासली, कपाट उपसलं, बाईंचा बिछाना उलटा केला. काही नाही. परत आल्यावर साहेबांनी त्याला मारलं. खोटं कशाला लिहू, एक थप्पड मीही मारली. मग त्याचं तोंडच बंद झालं. भिंतीला टेकून बसला. ठाण्याच्या दाराशी त्याची बायको मात्र ओरडत होती, "जमादारसाहेब, याले लोकं चुलीपर्यंत जाऊ देतात जी! चोर म्हणून नाव पडलं तर उद्या उंबऱ्यावर कोण उभं करन? आमी खावाचं काय?"

ते मला लागलं. हा माणूस जगत होता तो लोकांच्या भरवशावर. आणि साहेब त्याला दुपारच्या गाडीनं गोंदियाच्या कोर्टात पाठवणार होते. गावानं त्याला बेडीत पाहिलं की संपलं. पुढं सुटला तरी संपलंच.

एक गोष्ट मनात टोचत होती. साखळी गेली एक, हा म्हणतो अकरा. बाकीचे दहा डाग कोणाचे? साहेब म्हणाले, "आणखी घरं साफ केली असतील." पण तशी तक्रार एकही नव्हती.

जेवायला घरी गेलो. घर ठाण्यामागेच. बायकोनं ताट वाढलं आणि भाताचं पातेलं, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात, माझ्यापुढं आदळलं.

"आयकलं का जी? हा गंज कवाचा गळून राहिला. टिनवाला तुमच्या ठाण्यातच बसून हाय म्हणते. याले एक डाग मारून आना."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणाली?"

"डाग मारून आना म्हटलं. मराठी नाही समजत का? का ठाण्यात कान ठेवून आले?"

अकरा डाग. अकरा ठिगळं! तो गरीब आपलं काम सांगत होता, काम इतकं सफाईचं झालं की भोक कुठं होतं याचा पत्ता लागत नाही, हे अभिमानानं सांगत होता. आणि आम्ही ठाणंभर शहाणे चोरीचा कबुलीजबाब म्हणून ऐकत होतो.

जेवण तसंच टाकून उठलो. बायको मागून ओरडली, "गंज तं घेऊन जा!" टिनवाल्याला सोबत घेतलं, दोन पंच घेतले आणि गाडीपाशी गेलो. मनातल्या मनात डाग मोजले. एक, दोन, तीन... बारा.

टिनवाल्यानं एकेकावर नख मारलं. "हा माहा. हा माहा. हाही माहाच." मागच्या कोपऱ्यात थांबला. त्या डागावर चंदेरी रंग फासलेला होता. नख मारलं तर आवाज बसका आला.

"हा माहा नोहे जी. आन माह्या कामाले रंग लागत नाही."

जीपचा ड्रायव्हर बाजूलाच बिडी ओढत उभा होता. मी सहज आवाज दिला, "काय हो, गाडीला डाग किती?"

"बारा, साहब."

"टिनवाला म्हणतो अकरा. बाईंनाही त्यानं अकराच सांगितले. तुम्हाला बारा कसे माहीत?"

"वो... मैंने गिने थे."

"कशाला मोजले?"

ड्रायव्हरनं बिडी पायाखाली चिरडली. टिनवाल्यानं आपलं लोखंड शेगडीत लाल केलं आणि त्या बाराव्या डागाला लावलं. कथील असतं तर चमकून वितळलं असतं. हे लाल होऊन लोंबलं, धूर निघाला आणि वास आला. तो वास मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मुद्देमाल सीलबंद करायला आम्ही ठाण्यात रोज लाख जाळायचो. बाईंच्या औषधांच्या पार्सलांवरही तीच लाख असे.

लाख गळाली आणि दोन बोटं जातील एवढं भोक उघडं पडलं. आतल्या बाजूला बरोबर ती खुंटी. खुंटीवर बाईंचा दुसरा पांढरा कोट कायम लटकत असे, म्हणून आतून भोक कोणालाच दिसलं नाही. दोन दिवस तिथं ठोकाठोक चाललीच होती. टिनवाला गेल्यावर त्याच दुपारी आणखी चार ठोके पडले तर कोण वळून पाहणार? ड्रायव्हरनं भोक पाडून, सायकलच्या चाकातल्या तारेचा आकडा करून थैली अलगद बाहेर ओढली होती.

ड्रायव्हरनं मग स्वतःच जागा सांगितली. जीपमधल्या ग्रीसच्या डब्यात मी मनगटापर्यंत हात घातला. काळ्या ग्रीसमधून साखळी बाहेर आली तेव्हा सगळा बाजार गाडीभोवती उभा होता. डॉक्टरीणबाईंनी साखळी आधी घेतली नाही. त्या टिनवाल्यापुढे गेल्या आणि हात जोडले. "तुमच्यावर आळ आला, तो माझ्या तक्रारीमुळं. मला क्षमा करा."

मग मीही जोडले. वर्दीत होतो, पंच पाहत होते, तरी जोडले. त्यानं गाल चोळत म्हटलं, "बाईचं ठीक हाय जी. तुमचा हात मात्र लय जड हाय." बाजार हसला. लोकांनी त्याला पुढं घालून गावातून फिरवला आणि त्या दिवशी घराघरातून बाया गळकी भांडी घेऊन त्याच्यापुढं रांगेत बसल्या. ठाणेदारसाहेबांनीही घरून कंदील पाठवला.

संध्याकाळी तो माझ्या दारी आला. गंज मागून घेतला, डाग दिला, पाणी भरून दाखवलं. एक थेंब नाही. बायकोला म्हणाला, "घ्या जी बाई. तो बारावा लाखेचा होता. खरा बारावा हा."

केस डायरीत मी लिहिलं, गुप्त माहितीवरून तपासाला दिशा मिळाली. साहेबांना शाबासकी मिळाली, मला बक्षीस मिळालं. गुप्त माहिती देणारी आत भाकरी थापत होती. तिचं नाव मी लिहिलं नाही. बायकोचं ऐकून केस सुटली असं लिहायची लाज वाटली.

या केसनं मला एक शिकवलं. आरोपी काय बोलला हे लिहून घेणं सोपं आहे. त्याच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारल्याशिवाय हात उचलू नये. त्यानंतर मी कधी उचलला नाही.

बायको मागच्या पौषात गेली. आता भात मीच शिजवतो, त्याच गंजात. बुडाशी तो डाग आहे, बोटाला लागतो. इतकी वर्षं चुलीवर चढून राहिला, पण गळला नाही. तेव्हा डायरीत लिहायचं राहिलं ते आज इथं लिहितो. ती केस मी सोडवली नाही. तिनं सोडवली.