उलट्या गोलाईचा शाफ्ट

साहेबानं तो शाफ्ट माह्या दोन्ही हातांत ठेवला अन् म्हणाला, "जा, गेटावर उभी राहा. शिफ्ट सुटेपर्यंत. भाजीवालीच्या पोरीला मशीन दिलं की काय होतं, ते सगळ्यांना बघू दे."

मी उभी राह्यली.

सात-आठ किलोचं लोखंड. जिनिंगच्या मशीनचा शाफ्ट, बेअरिंग बसते तिथली कड खणून निघालेली. शिफ्ट सुटली अन् चिखली रोडवरच्या त्या कारखान्यातले समदे माह्यासमोरून गेले. माही माय मोताळ्याच्या बाजारात भाजी विकते, हे सगळ्यायले ठाऊक. एक जण दात काढत म्हणे, "वांगे कसे किलो देल्ले, बाई?" बाकीचे हासले. हात भरून आले होते अन् मी खाली पाहून राह्यली होती. त्याची लाज मले अजून वाटते. उभं केल्याची नाई. खाली पाह्यल्याची.

आयटीआयच्या वर्गात मी एकटीच पोरगी होती. सीएनसी लेथ, म्हंजे आपोआप लोखंड कातणारं मशीन, तवा नवंच. कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यातून भोकं पाडलेली कागदी टेप येई, मशीन ते वाचे अन् तसं चाले. पुण्याच्या कॉम्प्युटरवर आधी हत्याराची वाट बने, मंग दुसरा एक प्रोग्राम त्या वाटेचे आकडे आमच्या मशीनले समजतीन असे करून देई. त्याले पोस्ट म्हणत. टेपेत एक भोक बी आम्ही पाडत नव्हतो. हत्यार लावाचं, माप सेट कराचं, बटन दाबाचं.

शाफ्ट परत देताना मी सांगतलं, "साहेब, माप म्या दोनदा तपासलं."

"मग काय कॉम्प्युटर चुकला? सोमवारी कबुली लिहून आण. नाहीतर झाडू घे हातात."

आमच्या इथं रीतच होती. ज्याच्या हातून जॉब बिघडे, त्यानं कबुली लिहाची, ते बोर्डावर लागे. अन् कबुली देल्लेल्या माणसाले पुन्हा मशीन भेटत नसे. म्हंजे लिहिलं तरी झाडू, नाई लिहिलं तरी झाडू. मी लेथ शिकली होती बे!

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत म्या हत्यार काढलं अन् त्या जागी सुताराची पेन्सिल उभी आवळली. खाली फळीवर पुठ्ठा ठोकला. टेप लावली अन् मशीन हळू चालवली. सरळ रेघा बरोबर. कडेवर पेन्सिल आली. गोलाई बाहेर फुगाले पाह्यजे होती, ते आत घुसली. पुढच्या कडेवर बी तेच. त्याच्या पुढच्या बी.

मंग टेपेचा छापील कागद घेऊन बसली. घड्याळाच्या उलट फिर असं पाह्यजे, तिथं लिहेल होतं, घड्याळासारखं फिर. एका जागी असतं तर माणसाची चुकी म्हणली असती. सगळ्याच गोलाया उलट्या! पुण्याच्या मशीनचं हत्यार जॉबच्या मागून येते, आमचं पुढून. पोस्ट त्यायच्याच मशीनची राह्यली होती. याच्या आधीचे शाफ्ट सरळ पायऱ्यायचे, गोलाई कोणात नव्हतीच. म्हणून हे कोणाले दिसलं नाई.

माह्या डोक्यात असा संताप चढला की काय सांगू. अर्ध्या घंट्याचं काम होतं. साहेबाले ते करावं वाटलं नाई. मले गेटावर उभं करणं सोपं होतं.

सोमवारी सगळ्यायच्यासमोर पुठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पाह्यला. गोलाईवरून बोट फिरवलं. मंग हळूच म्हणे, "बरं, पुण्याला कळवतो. पण कबुली देऊन टाक. वर काहीतरी दाखवावं लागतं."

"जे म्या केलंच नाई, ते काऊन लिहू?"

"आधी बोलायला शीक नीट. काऊन-बिऊन इथं चालणार नाही."

"मशीन चालते ना माह्या हातानं? मंग बोलणं बी चालन."

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. म्या लिहिलं: पोस्टमधी चूक आहे, सगळ्या गोलाया उलट्या आल्या, पुठ्ठा सोबत आहे. खाली सही केली अन् बोर्डावर स्वतः लावला. त्यानं काढून फाडला. म्या दुसरा लिहिला. तो बी फाडला. तिसरा लिहिला, तवा समदी शिफ्ट बोर्डापाशी येऊन उभी होती. तो कागद बोर्डावर तसाच राह्यला.

हप्त्याभरात दुरुस्त टेप आली. माफी कोणी मागली नाई. साहेबानं माह्याकडं न पाहता टेप पुढं केली, "लाव."

म्या आधी पेन्सिल आवळली. म्हणलं, "पुठ्ठ्यावर काढल्याबिगर एक बी टेप मी चालवणार नाई. चुकी माही असंन तर मी स्वतः लिहून देईन, मोठ्या अक्षरात. दुसऱ्याची चुकी माह्या नावावर चढवाले याल, तर ते लिहिणार नाई, झाडू बी घेणार नाई, अन् मशीन बी सोडणार नाई. हटवून पाहा."