मामाचा दुसरा ब्रेक

माझा मामा लोकांना गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मामाच्या. उभा जन्म त्या दुसऱ्या ब्रेकवर गेल्यामुळे त्याच्या पायाला आता स्वतःचं डोकं आलंय. घरी मामीचा आवाज चढला, की आरामखुर्चीत बसल्याबसल्या मामाचा पाय फरशी दाबतो. मामी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

सगळे त्याला ब्रेकमामा म्हणतात. माणूस लाखमोलाचा, पण भित्रा नंबर एक. शिकणाऱ्याच्या आधी हाच ब्रेक लावून मोकळा, आणि वर कौतुक, "वा! छान थांबलात!" लोक खूश होऊन घरी जातात.

यंदा मामीनेच शिकायचं मनावर घेतलं. मी मागच्या सीटवर, खास तमाशा बघायला. कुत्रं आडवं आलं, गाडी थांबली. "छान थांबलीस गं!" सायकलवाला आला. "छान थांबलीस!" मग मात्र मामीने गाडी कडेला घेतली आणि बंदच केली.

"अहो, खरं सांगा. त्या कुत्र्याला मी वाचवलं की तुमच्या पायाने?"

मामा काचेबाहेर बघू लागला.

"म्हणजे पायानेच. मग शाबासकीही त्यालाच द्या! अख्खा संसार असाच चाललाय. मला चुकायची मुभाच नाही, तर नीट वागल्याचं श्रेय कुठून आणू? मी शहाणी आहे की नुसती थांबवलेली, हे मला कळायचं कधी?"

ती हसत होती, पण डोळे भरले होते. मला भीतीच वाटली, आज हिला उत्तर मिळालं नाही तर ही पुन्हा किल्लीला हात लावणार नाही.

"मागे बसा," ती मामाला म्हणाली. मी पुढे आले. "आणि तू त्या ब्रेकला पाय लावलास तर याद राख!" तिने मला दम भरला.

मागे बसून मामा मोकळी जमीन अशी दाबत होता, की गाडीला भोक पडावं. कोपऱ्यावर मामीने वळण जरा लाडात घेतलं आणि शिंप्याची फुटपाथवरची पाटी धाडकन आडवी. शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत बाहेर.

"चूक माझी! शिकाऊ गाडी आहे," मामा सवयीने उतरत ओरडला.

"मुळीच नाही! पाटी मी पाडली," मामी त्याला बाजूला सारत म्हणाली. "माझी चूक आहे, तुम्ही मध्ये पडू नका!"

"अगं, माझी..."

"माझी!"

शिंप्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "आधी आपसात ठरवा," तो म्हणाला, "मग कोणावर ओरडायचं ते बघतो."

मामीने पाटी उचलली, रुमालाने पुसली आणि मनापासून माफी मागितली. इतक्या आनंदात माफी मागणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला तर हसू आवरेना.

परतताना मामाने मागे मांडी घातली, तो पाय स्वतःच्याच खाली दाबून. घराच्या अलीकडे एक आजोबा पिशवी सांभाळत रस्त्यात उतरले. मामाने डोळे घट्ट मिटले. मी माझे पाय सीटवर घेतले.

गाडी थांबली. आजोबा आमच्याकडे न बघताच आरामात पलीकडे गेले.

मामी मागे वळली. "अहो, कोण थांबलं?"

मामाने एक डोळा उघडला, खाली बघितलं.

"मी तर मांडी घालून बसलोय," तो म्हणाला.