अध्यक्षबाईंचे यजमान

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दर तीन वर्षांनी एक पान ठरलेलं असतं. डावीकडे अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे त्यांच्या सौभाग्यवतींचा आणि खाली चार ओळी. या खेपेला उजवीकडचा फोटो एका मिशीवाल्या माणसाचा आहे. छापखान्यातून दोनदा फोन आला, फोटो चुकून तर आला नाही ना म्हणून. चुकून आलेला नाही. त्या माणसाचं काम चार ओळींत मावेना, म्हणून हे लिहिणं लांबलं. या खेपेला स्मरणिकेचं काम माझ्याकडं आहे, पण मला लिहायची सवय नाही. काही कमीजास्त झालं असेल तर मला बोला, फोटोतल्या ज्ञानदेवला बोलू नका. त्याला बोलून उपयोग होत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवीन सभासदांसाठी सांगतो. इंद्रायणी लघुयंत्र संघ म्हणजे तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या एकशे अठरा छोट्या शेडवाल्यांचा संघ. कुणाचे दोन लेथ, कुणाचं एक मिलिंग, कुणाचा नुसता ग्राइंडर. बारा वर्षं बबनराव अध्यक्ष होते. माणूस जुना, गावचा, शब्दाला वजन असलेला. त्यांच्यानंतर सुमनताई शिनगारे निवडून आल्या त्या एका डीपीमुळे. आमच्या ओळीतला विजेचा डीपी जळाला आणि अकरा दिवस मशीनं बंद राहिली. बाकीचे फोन करत बसले. सुमनताई जेवणाचा डबा घेऊन वीज कंपनीच्या साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसल्या, आणि नवा डीपी गाडीवर चढल्याचं कळेपर्यंत उठल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्यांना सत्तर मतं पडली.

मत देताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की अध्यक्ष बाई झाली तर अध्यक्षांच्या बायकोचं काम कोण करणार.

हे काम थोडं नाही. सभासदाच्या घरी लग्न असलं की अध्यक्षांच्या पत्नीनं हळदीपासून हजर राहायचं. बारशाला पाळण्याची दोरी धरायची. कुणी गेलं तर त्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीचा कडू घास, म्हणजे पिठलं-भाकरी, अध्यक्षांच्या घरून जायची. आणि सगळ्यात मोठा मान खंडेनवमीचा. त्या दिवशी प्रत्येक शेडमधून एक हत्यार हॉलवर येतं. कुणाचं व्हर्निअर, कुणाचं मायक्रोमीटर, कुणाची साधी हातोडी. लाल कापडावर सगळी ओळीनं मांडतात. अध्यक्षांनी नारळ फोडायचा आणि त्यांच्या पत्नीनं एकेका शेडचं नाव घेऊन त्या हत्याराला कुंकू लावून ओवाळायचं. ते हत्यार परत आल्याशिवाय दसऱ्याला मशीनवर पहिला कट कुणी घेत नाही.

सुमनताईंचा नवरा ज्ञानदेव मूळचा आष्टी तालुक्यातला. सव्वीस वर्षं एका गिअरच्या कंपनीत इन्स्पेक्शनला, म्हणजे माल मापून तपासायला होता. कंपनी बंद पडली तेव्हा बायकोच्या शेडमध्ये येऊन बसला. लेथ सुमनताई चालवायच्या, माप हा घ्यायचा. सुमनताई अध्यक्ष झाल्यावर लग्नाची पहिली पत्रिका आली, वर छापलेलं 'अध्यक्ष व सौभाग्यवती'. सुमनताई म्हणाल्या, "आता मी कुणाला नेऊ?"

"मी हाय की."

"लोक हसतील."

"हसू दे. मापात बसतंय ना, मग झालं."

ताथवड्याच्या त्या लॉन्सवर मीही होतो. रीतीप्रमाणे नवरीची आई अध्यक्षांच्या पत्नीसाठी खण-नारळाचं ताट घेऊन आली आणि समोर ज्ञानदेव. ती थबकली. मागून कुणीतरी टॉवेल-टोपी पुढं केली. ज्ञानदेवनं हात जोडले. "टॉवेल-टोपी नको ताई. अध्यक्षांच्या घरी नारळ जातो, नारळच द्या. खण सुमनला होईल." आणि शर्टाची ओटी पसरून नारळ घेतला. मंडपात हशा पिकला. तळवड्याचा शेखर ओरडला, "वहिनी, लुगडं कुठं राहिलं?"

"धुवायला टाकलंय," ज्ञानदेव म्हणाला. "तुझा परवाचा लॉट रिजेक्ट होऊन आलाय म्हणे, तो आधी धू."

त्यानंतर तो एकही लग्न चुकला नाही. बारशाला बाप्ये ओट्यावर बसतात, हा आत बायकांत पाळण्याशेजारी बसायचा. पहिल्या वेळी बायका अवघडल्या, तिसऱ्या वेळी त्याला घुगऱ्या वाढायला लावल्या. चाकणच्या रोहिदासचे वडील गेले तेव्हा सकाळी साडेसहाला हा भाकऱ्यांचं टोपलं घेऊन हजर. भाकऱ्या त्यानं स्वतः थापलेल्या. रोहिदासची आई म्हणाली, "सुमनच्या हातच्या का?" तो म्हणाला, "नाही आई, माझ्या. जाड झाल्यात." त्या माउलीनं त्या दिवशी तेवढीच एक खाल्ली.

म्हणजे दोन वर्षं लोक हसतही होते आणि त्याच्या हातचं घेतही होते. दोन्ही दसऱ्यांना सुमनताईंच्या घरात सुतक होतं, त्यामुळे खंडेनवमीचं ताट दोन्ही वेळा बबनरावांच्या सोजरवहिनींनीच धरलं. तिसऱ्या वर्षी अडचण नव्हती. तेव्हा खरी गोष्ट पुढं आली.

महिनाभर आधी कमिटीची बैठक झाली. बबनराव म्हणाले, "सुमनताई, तुमी अध्यक्ष हाय, नारळ तुमी फोडा. पण कुंकवाचं ताट आमच्या घरात राहू द्या. मानाची गोष्ट हाय."

"ताटही मीच धरते की," सुमनताई म्हणाल्या.

"तसं नसतं. नारळ फोडणारा आन् ओवाळणारी एक नसती. जोडीचं काम हाय ते."

"मग जोडीला ज्ञानदेव आहेत."

बबनराव हसले नाहीत, एवढं मला आठवतं. "बाप्या मानसानं हत्यारं ओवाळायची? आमी शेडला कुलूप लावू, पण ते कुंकू घेनार न्हाई."

बैठक संपल्यावर सुमनताई दाराशी थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, "तात्या, अर्धे लोक अजून तक्रार घेऊन त्यांच्याकडेच जातात. ताट त्यांच्याकडे राहिलं की खुर्चीही त्यांचीच. मी नुसती सहीपुरती." ज्ञानदेव स्कूटर चालू करता करता म्हणाला, "ताट कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी तो सरळ बबनरावांच्याच घरी गेला. बबनराव शेडवर होते. सोजरवहिनी मेथी निवडत होत्या. हा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वहिनी, ओवाळायचं शिकवा."

हे त्यानंच मला सांगितलं. वहिनींनी मेथी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तीनदा फिरवायचं. आन् हसायचं न्हाई, त्या वेळंला कुणी हसत न्हाई. नाव मोठ्यानं घ्यायचं, मागच्याला ऐकू गेलं पाह्यजे. कुंकू पाण्यात कालवायचं, म्हंजी चिकटतं."

"कुंकू लावता कुठं?"

"त्या दोन टोकांवर. मधी फट असती तिथं."

ज्ञानदेव कपाळाला हात लावून हसायला लागला. ज्यांचं हे काम नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं, त्यांच्या त्या दोन टोकांमध्ये वस्तू धरूनच माप घेतात. तिथं केसाएवढं काही चिकटलं तरी माप खोटं येतं, आणि ओलं कुंकू बसलं की गंज धरतो. चौदा वर्षं वहिनी मनोभावे तिथंच कुंकू लावत होत्या. आणि चौदा वर्षं आम्ही सगळे गुपचूप घरी जाऊन रॉकेलनं ते घासत होतो. माझं स्वतःचं एक व्हर्निअर त्यापायी गेलं. पण मानाच्या बाईला सांगणार कोण?

"एकानं सांगितलं न्हाई मला!" वहिनी म्हणाल्या. "एवढे मोठे बाप्ये!"

त्या महिन्यात तो आणखी एके ठिकाणी गेला. संत तुकाराम नगरचा बुद्धरत्न आपला जुना सभासद. तो पूजा करत नाही, म्हणून त्याचं हत्यार कधी मांडलं जात नसे आणि त्याच्या शेडचं नावही घेतलं जात नसे. तो फक्त जेवणाला यायचा. ज्ञानदेवनं त्याला विचारलं, "कुंकू नको असेल तर नको. नाव घेऊ का?" बुद्धरत्न म्हणाला, "नाव घ्या. फूल ठेवलं तरी चालेल."

खंडेनवमीला हॉल भरलेला. सुमनताईंनी नारळ फोडला. ज्ञानदेव पांढरा शर्ट घालून पुढं आला, हातात ताट, खांद्यावर एक मऊ पिवळं फडकं. बबनराव उभे राहिले.

"सोजर, ऊठ. ताट घे."

सोजरवहिनी पहिल्या रांगेत होत्या. "माझं गुडघं धरल्यात," त्या म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या.

बबनरावांचा चेहरा उतरला, पण ते मागं हटणारे नव्हेत. त्यांनी कापडावरचं आपलं मायक्रोमीटर उचललं, खिशात टाकलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ज्याला ह्यो तमाशा मान्य न्हाई, त्यानं आपलं हत्यार उचलावं."

कुणीतरी उचललं. मग आणखी कुणी. शेखरनं उचललं. लपवत नाही, मीही उचललं. बबनरावांनी मला पंधरा वर्षांपूर्वी पहिलं काम मिळवून दिलं होतं आणि ते माझ्याकडंच बघत होते. तीस-पस्तीस जागा रिकाम्या झाल्या. लाल कापडावर तेलाचे डाग तेवढे राहिले. सुमनताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ताट आता खाली ठेवलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

ज्ञानदेव बबनरावांना म्हणाला, "तुमचं हत्यार तुमचं आहे, उचला. नाव मात्र संघाच्या यादीतलं आहे. ते मी घेणार."

आणि त्यानं सुरुवात केली. पहिलं हत्यार हातात घेतलं, फडक्यानं तेल पुसलं, दोन्ही टोकं मिटवली, आणि कोरड्या कुंकवाचं बोट वरच्या अंगाला, मापाच्या जागेपासून लांब टेकवलं. मोठ्यानं शेडचं नाव घेतलं. तीनदा ओवाळलं. पुढचं. बुद्धरत्नच्या डेप्थ गेजवर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि नाव घेतलं. बुद्धरत्न उभा राहिला, कारण नाव घेतल्यावर उभं राहायचं असतं आणि त्याला ते बरोबर माहीत होतं. जागा रिकामी आली की ज्ञानदेव तिथंही थांबायचा, नाव घ्यायचा, कापडावर कुंकवाचं बोट टेकवायचा आणि रिकाम्या जागेला ओवाळायचा. घाई नाही, राग नाही. इन्स्पेक्शनला बसलेला माणूस जसा एकामागून एक तुकडा हातात घेतो, तसा.

पहिलं हसू फुटलं ते मागच्या कोपऱ्यात, आणि तिथंच विझलं. चाळीसेक हत्यारं झाली असतील. शेखर पुढं झुकून बघत होता. मग मला कानात म्हणाला, "तात्या, टोकाला लावतच नाही हो हा. आज रॉकेल नको."

"दिसतंय मला."

"मग आपण उचललं कशाला?"

शेखर उठला, गर्दीतून वाट काढत गेला आणि आपलं मायक्रोमीटर त्याच्या जागेवर ठेवलं. ज्ञानदेवनं मान वर केली. "मापाचं शून्य तपासून आणलंस का?"

"आणलंय, वहिनी," शेखर म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. ज्ञानदेव म्हणाला, "बरं," आणि कुंकू लावलं.

मग मीही गेलो. बबनरावांच्या अंगावरून जाताना मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. माझ्या मागून कितीजण आले ते मोजलं नाही. पण शेवटी सहाच जागा रिकाम्या उरल्या.

बबनरावांच्या शेडचं नाव यादीत सगळ्यांत वर असतं, पण ज्ञानदेवनं ते शेवटी ठेवलं होतं. त्या जागेसमोर येऊन त्यानं नाव घेतलं, इतर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. कापडावर कुंकू टेकवलं. बबनराव दाराशी उभे होते.

"पुसा ते," ते म्हणाले.

"मी लावणारा आहे दादा, पुसणारा नाही. तुम्हाला पुसायचं असेल तर या, पुसा. कुणी अडवत नाही."

बबनराव आले नाहीत. गेलेही नाहीत. सोजरवहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कापडापाशी गेल्या, त्या रिकाम्या जागेला हात जोडले आणि ज्ञानदेवला म्हणाल्या, "तिसरा फेरा वाकडा गेला, भाऊ."

"पुढच्या वर्षी सरळ फिरवतो."

बबनरावांनी ते ऐकलं आणि चपला घालून निघून गेले. वहिनी जेवून गेल्या.

त्या वर्षी बबनरावांनी राजीनामा दिला, आणखी चौघांनी दिला. हे मी लपवत नाही. संघ लहान झाला असं म्हणणारे अजून आहेत आणि ते स्मरणिका वाचतात, हेही मला माहीत आहे. त्यांना माझं म्हणणं एवढंच की, सुमनताई परत निवडून आल्या, या वेळी शहाऐंशी मतं पडून, आणि तक्रारी आता त्यांच्याच टेबलावर येतात. उजवीकडचा फोटो बदलून द्या, असं छापखान्याला सांगा म्हणून कमिटीतले दोघे माझ्याकडं आले होते. मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्यांना म्हटलं. फोटोखाली 'सौभाग्यवती' हा शब्द छापायचा का, असं मी ज्ञानदेवलाच विचारलं.

"काम तेच केलंय ना?" तो म्हणाला. "मग छापा तोच."

छापला आहे.